मिक्सिंग-मास्टरिंगसाठी ओपन-बॅक हेडफोन कसा पारखावा

हेडफोन डोक्यावर चढवला, आवडीचं गाणं लावलं आणि तोंडून "वा!" निघालं, तर तो गाणी ऐकायला चांगला आहे एवढंच कळतं. मिक्सिंगसाठी प्रश्न वेगळा आहे. त्यावर ऐकून गायकाचा आवाज 1 डेसिबलने वर घेतला, तर तो निर्णय गाडीत, टीव्हीवर आणि फोनच्या स्पीकरवर टिकतो का? खालची सगळी तपासणी याच प्रश्नासाठी आहे. दुकानातल्या दहा मिनिटांत ती होत नाही, म्हणून परत करायची मुदत मिळेल अशाच ठिकाणाहून हेडफोन घ्यावा.

ओपन-बॅकमध्ये ड्रायव्हरच्या मागे बंद कप नसतो, जाळी असते. पडद्याच्या मागून निघणारा आवाज बाहेर निघून जातो. बंद कपात तोच आवाज आतल्या भिंतीवर आपटून परत येतो आणि खालच्या मिडमध्ये, साधारण 100 ते 500 हर्ट्झच्या पट्ट्यात, गढूळपणा आणतो. मिक्स सगळ्यात जास्त बिघडतात तेही याच पट्ट्यात. उघड्या रचनेची किंमत ठरलेली आहे: आवाज आतून बाहेर आणि बाहेरून आत, दोन्हीकडे गळतो. रेकॉर्डिंग करताना गायकाला हा हेडफोन देऊ नये, क्लिक ट्रॅक (तालासाठी ऐकवलेली टिकटिक) माइकमध्ये शिरतो. आणि छताचा पंखा, एसी, खालून जाणारी रिक्षा हे सगळं थेट कानात येतं. पंखा चालू ठेवून रिव्हर्ब ठरवला की तो बहुतेक वेळा जास्त पडतो, कारण त्याची विरत जाणारी शेपटी पंख्याच्या आवाजाखाली बुडते. तपासणी पंखा बंद करून करावी, शक्यतो रात्री.

कागदावरचे आकडे

"300 ओहमचा हेडफोन इंटरफेसवर (संगणक आणि हेडफोन यांच्यामधली ऑडिओची पेटी) वाजत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. नुसत्या ओहमवरून, म्हणजे इंपिडन्सवरून (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा), काही कळत नाही. जोडीला संवेदनशीलता (दिलेल्या व्होल्ट किंवा मिलिवॅटला हेडफोन किती जोरात वाजतो) हवी, आणि ती कोणत्या एककात दिली आहे तेही पाहायला हवं. सेनहायझर एचडी 600 (300 ओहम) ची 97 डेसिबल ही 1 व्होल्टला आहे, तर बायरडायनॅमिक डीटी 990 प्रो (250 ओहम) ची 96 डेसिबल ही 1 मिलिवॅटला. हे आकडे तसेच शेजारी ठेवले तर एचडी 600 जास्त जोरात वाजतो असं वाटेल, आणि ते चूक आहे. मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर 1000 ला ओहमने भागावं, आलेल्या संख्येचा लॉग घेऊन 10 ने गुणावं आणि ते डेसिबल मिळवावेत. 1000 भागिले 250 म्हणजे 4, त्याचा लॉग 0.6, म्हणजे 6 डेसिबल. डीटी 990 प्रो 1 व्होल्टला 102 डेसिबल देतो, एचडी 600 पेक्षा 5 ने जास्त.

आता इंटरफेस पाहू. त्यावर "33 ओहमला 30 मिलिवॅट" असं लिहिलेलं असेल तर तो सुमारे 1 व्होल्ट देतो (0.030 गुणिले 33, त्याचं वर्गमूळ). 300 ओहमलाही साधारण तेवढाच व्होल्ट मिळेल. मास्टर झालेलं गाणं, ज्याची शिखरं डिजिटल कमाल पातळीला टेकतात आणि सरासरी त्याखाली 16 डेसिबल असते, एचडी 600 वर सरासरी 81 डेसिबलने वाजेल. हे भरपूर झालं. पण कच्चा मिक्स तसा नसतो. शिखरांना 6 डेसिबलची मोकळीक आणि तबला-ढोलकीमुळे शिखर-सरासरीतलं अंतर 20 डेसिबल धरलं, तर बटण पूर्ण उघडूनही सरासरी 71 वरच थांबते. मग माणूस मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) लिमिटर, म्हणजे शिखरं दाबणारं साधन, लावून आवाज वाढवतो आणि चुकीच्या गोष्टीवर मिक्स करत बसतो. 4 व्होल्ट देणारा हेडफोन अँप 12 डेसिबल वाढवून देतो, आणि त्याहून जास्तीची गरज सहसा पडत नाही. दुसऱ्या टोकाला ऑडीझी एलसीडी-एक्ससारखे 20 ओहमचे प्लेनर (नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरऐवजी सपाट, पातळ पडदा असलेले). त्यांना व्होल्ट थोडे पुरतात पण करंट लागतो, आणि स्वस्त इंटरफेसची सळसळ त्यांच्यावर स्पष्ट ऐकू येते.

आउटपुट इंपिडन्स, म्हणजे इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा स्वतःचा अडथळा, हा आकडा बरेच उत्पादक छापतच नाहीत. तो घरी मोजता येतो. इंटरफेसवर 200 हर्ट्झचा साइन टोन लावावा, हेडफोन काढून मल्टिमीटरने सुमारे 0.5 व्होल्ट येईल एवढं बटण फिरवावं. मग त्याच दोन टोकांत 33 ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजावं. समजा 0.500 चे 0.384 झाले. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून 1 वजा करावा आणि 33 ने गुणावं, उत्तर येतं 10 ओहम. रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो. मीटर मात्र बघून घ्यावा. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये एसीची सर्वांत लहान रेंज 200 व्होल्टची असते आणि त्यात 0.5 आणि 0.4 यांच्यामधलं काही दिसत नाही. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर लागतो.

आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या इंपिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. डायनॅमिक ड्रायव्हरचा इंपिडन्स सगळीकडे सारखा नसतो. एचडी 600 चा 100 हर्ट्झच्या आसपास 500 ओहमकडे चढतो. 100 ओहमच्या आउटपुटवर तिथे जवळजवळ 1 डेसिबलचा फुगवटा येतो, 10 ओहमवर फक्त 0.1 चा. प्लेनरचा इंपिडन्स सपाट असल्याने त्यांचा सूर आउटपुटमुळे बदलत नाही.

आलेख वाचताना

हेडफोनचा सरळ रेषेतला आलेख बरोबर नसतो. बाहेरचा कान आणि कानाची नळी मिळून 3 किलोहर्ट्झच्या आसपास 10 डेसिबलहून अधिक उठाव देतात आणि मेंदूला त्याची सवय आहे, म्हणून कच्च्या आलेखात तिथे डोंगर दिसलाच पाहिजे. तो किती उंच असावा हे लक्ष्यरेषा सांगते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या ऐकण्याच्या चाचण्यांवरून आलेली हार्मन रेषा सध्या सर्वाधिक वापरली जाते, त्याआधी डिफ्यूज-फील्ड रेषा होती. मिक्सिंगसाठी कुठलीही एक रेषा पवित्र मानू नये, पण दोन हेडफोनची तुलना एकाच मोजणी यंत्रावरच्या, एकाच रेषेशी ताडलेल्या आलेखांनी करावी. जुन्या 711 कपलरवरचा आलेख आणि बी अँड के 5128 (दोन्ही मोजणीचे कृत्रिम कान) वरचा आलेख एकमेकांवर ठेवून निष्कर्ष काढणं व्यर्थ आहे. 8-9 किलोहर्ट्झच्या वर तर आलेखापेक्षा तुमच्या कानाचा आकार जास्त बोलतो.

आलेखातून एकच गोष्ट शोधायची: हा हेडफोन मला कुठल्या दिशेला ढकलणार? जिथे तो जास्त वाजतो तिथून तुम्ही काढून घेणार, जिथे कमी वाजतो तिथे भर घालणार. डीटी 990 प्रोचा 8 किलोहर्ट्झजवळचा उठाव डी-एसर ('स'सारखे बोचरे आवाज दाबणारं साधन) गरजेपेक्षा जास्त दाबायला लावतो आणि मिक्स बाहेर मंद वाजतो. एचडी 600 चे मिड भरवशाचे, पण 50-60 हर्ट्झच्या खाली तो झपाट्याने उतरतो, त्यामुळे किक आणि सब-बास वाढवून ठेवण्याचा धोका. एकेजी के 702 मध्ये 2 किलोहर्ट्झच्या आसपास उठाव आणि खर्ज बारीक. एलसीडी-एक्सच्या जुन्या आवृत्तीत खर्ज अगदी खालपर्यंत सरळ, पण वरचे मिड मागे राहतात, म्हणून तिथे माणूस उगाच भर घालतो. ठाऊक असलेला दोष सांभाळता येतो. सुटसुटीत, रुंद चढउतार कानाला पाठ होतात, अरुंद आणि उंच शिखरं होत नाहीत. अशी शिखरं 2 ते 7 किलोहर्ट्झमध्ये असलेला हेडफोन सोडून द्यावा.

टोन आणि नॉइज

सुरुवात मोनो पिंक नॉइजने (दोन्ही कानांत सारखा, सगळ्या फ्रिक्वेन्सींचा सळसळाट) करावी. तो बरोबर डोक्याच्या मध्ये ऐकू यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घालावा, डावा कप उजव्या कानावर. सरकलेपणा दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा इंटरफेसमध्ये आहे. त्याच कानाकडे राहिला तर तो तुमच्या कानाचा किंवा पॅड बसण्याचा आहे. इंटरफेसचा संशय असेल तर तोच हेडफोन दुसऱ्या इंटरफेसवर लावून पाहावा. इथे एक गोष्ट हमखास फसवते: व्हॉल्यूमचं बटण अगदी खालच्या टोकाला असलं की आतल्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणारा भाग) दोन बाजू सारख्या चालत नाहीत. बटण मध्यावर आणून आवाज सॉफ्टवेअरमधून कमी करावा, मगच हेडफोनला दोष द्यावा.

मग 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झचा संथ साइन स्वीप, निदान एका मिनिटाचा, कमाल पातळीपेक्षा 20 डेसिबल खाली. रूम इक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये तो तयार करता येतो. 20 ते 150 हर्ट्झमध्ये फडफड किंवा घरघर ऐकू आली तर लगेच ड्रायव्हर खराब म्हणू नये. केसाचा एखादा तुकडा जाळीतून पडद्याला टेकला तरी अगदी असाच आवाज येतो. पॅड काढून, फोम उचलून, मऊ कुंचल्याने साफ करून पुन्हा ऐकावं. कॉम्प्रेस्ड हवेचा फवारा पडद्यावर मारू नये.

200 हर्ट्झ ते 2 किलोहर्ट्झ स्वीप घसरगुंडीसारखा गुळगुळीत जायला हवा. त्यापुढे काही ठिकाणी टोन अचानक टोचेल. तिथे थांबून हेडफोन कानावर अर्धा सेंटीमीटर पुढे-मागे करावा. टोचणं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरकलं तर ते कान आणि पॅड यांच्यातल्या जागेचं आहे. जागचं हललं नाही तर हेडफोनचं, ते लिहून ठेवावं.

खर्जासाठी 100, 80, 60, 50, 40, 30 हर्ट्झचे टोन एकाच पातळीवर एकामागून एक ऐकावेत. खाली जाताना आवाज कमी होत जाणारच, कान त्या भागात मुळातच मंद असतो. पायऱ्या सारख्या उतरतात की एका पायरीवर एकदम खड्डा पडतो, ते पाहायचं. 30 हर्ट्झचा टोन 60-90 सारखा उजळ वाटला तर ऐकू येतंय ते मूळ टोन नसून ड्रायव्हरने तयार केलेलं डिस्टॉर्शन आहे. चष्मा वापरणाऱ्यांनी हा भाग चष्म्यासह करावा. दांडीमुळे पॅडला फट पडते आणि प्लेनरचा खर्ज त्या फटीतून निसटतो, डायनॅमिक ओपन-बॅकवर हा परिणाम कमी जाणवतो.

ओळखीची गाणी, सारख्या पातळीवर

पाच-सहा गाणी पुरेत, पण ती आतून-बाहेरून पाठ असावीत आणि सगळी एकाच लाउडनेसवर आणलेली असावीत, उदाहरणार्थ -20 एलयूएफएस (लाउडनेसचं एकक). नाहीतर जोरात वाजणारं गाणं नेहमीच चांगलं वाटतं.

गाण्यांत काय शोधायचं? डग्ग्याची मींड: तळहात दाबत गेल्यावर सूर चढतो, तो सगळ्या प्रवासभर एकसारखा जोरात हवा. मध्येच एखादा सूर फुगला तर तिथे हेडफोनचा उठाव आहे. तानपुऱ्याची जवारी: तिच्यात वरच्या सुरांची दाट, सतत बदलती जाळी असते. एक-दोन सूरच सतत पुढे येत असतील तर वरच्या मिडमध्ये शिखर आहे. अभंगातले टाळ: आघात आणि नंतरची झंकार वेगवेगळी कळायला हवी. नुसता पांढरा चुरचुराट ऐकू येत असेल तर ट्रेबल फुगलेला आहे.

गायकाच्या व्यंजनांकडे विशेष लक्ष द्यावं. 'चाक', 'चोर' यांतला दंत्य च 'स'सारखा वरच्या पट्ट्यात, साधारण 6 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपास धारदार असतो. 'चंद्र', 'चहा' यांतला तालव्य च आणि 'श' खाली, 3-4 च्या आसपास. गायकागणिक हे बदलतं, पण एकाच ओळीत दोन्ही असतील आणि त्यांपैकी एकच बोचत असेल, तर हेडफोनचा उठाव कुठे आहे ते तिथेच कळतं. मराठी गाणी मिक्स करणाऱ्याला याहून सोपी कसोटी नाही.

दोन हेडफोनची तुलना करायची तर पातळी जुळवणं अनिवार्य. हेडफोन काढून ठेवून पूर्ण पातळीचा टोन लावावा. एचडी 600 साठी मीटरवर 0.79 व्होल्ट, डीटी 990 प्रोसाठी 0.45 व्होल्ट आले की दोन्हींवर कमाल पातळीपेक्षा 20 डेसिबल खालचा टोन सुमारे 75 डेसिबलने वाजतो. टोन बंद करून मगच हेडफोन लावावा, नाहीतर तो कानात 95 डेसिबलने आदळेल. छापील संवेदनशीलतेत थोडा फरक असतोच, म्हणून शेवटची जुळवणी 500 ते 2000 हर्ट्झपुरत्या मर्यादित पिंक नॉइजने कानाने करावी. बटणाच्या या जागेवर खूण करून ठेवावी, रोजचं कामही तिथेच करावं. पातळी बदलली की कानाचा बासचा अंदाज बदलतो, आणि दोन दिवसांचे निर्णय एकमेकांशी जुळत नाहीत.

निर्णयांची परीक्षा

वरचं सगळं पूर्वतयारी होती. आता एक पूर्ण झालेला, स्पीकरवर तपासलेला मल्टिट्रॅक (सगळे ट्रॅक सुटे असलेलं गाणं) घ्यावा आणि त्यात फक्त चार गोष्टी शून्यावर आणाव्यात: गायकाची पातळी, बासची पातळी, रिव्हर्बचा सेंड (रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजाची पातळी), डी-एसरचा थ्रेशोल्ड (तो ज्या पातळीपासून दाबू लागतो ती). आकडे झाकून (फेडरच्या जागी आकडे न दाखवणारा नॉब लावावा) या चार गोष्टी हेडफोनवर नव्याने ठरवाव्यात, वही काढून आकडे लिहावेत, सेशन बंद करावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदाही. किमान तीन वेगळ्या गाण्यांवर.

आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, तुम्ही स्वतःशीच किती जुळता? एकाच गाण्यात गायकाची पातळी दर वेळी 1 डेसिबलच्या आत पडत असेल तर हेडफोन ठाम उत्तर देतोय. 2-3 डेसिबलने हेलकावत असेल तर त्या पट्ट्यात तो तुम्हाला पुरेशी माहिती देत नाही, आलेख कितीही देखणा असो. दुसरी, मूळ मिक्सपेक्षा चूक कुठल्या बाजूला? बास दर वेळी 2 डेसिबल जास्त पडत असेल तर ते हेडफोनचं वळण आहे आणि त्यावर उपाय करता येतो. हेलकाव्यावर उपाय नाही. म्हणून दोन हेडफोनपैकी एक सातत्याने 2 डेसिबल चुकणारा आणि दुसरा सरासरीत बरोबर पण कधी वर कधी खाली जाणारा असेल, तर पहिला घ्यावा.

बारकावा मोजायला आणखी एक चाचणी आहे. मिक्सवर 3 किलोहर्ट्झला 1.5 डेसिबलचा रुंद इक्यू लावावा, पातळी जुळवावी, आणि कुणाला तरी तो न सांगता चालू-बंद करायला लावावं. 10 पैकी 9 वेळा बरोबर ओळखलं तर निव्वळ अंदाजाने तेवढं येण्याची शक्यता 1 टक्क्याच्या आसपास असते. हेच 250 हर्ट्झला आणि 60 हर्ट्झला करावं. 60 ला बहुतेक डायनॅमिक ओपन-बॅक अडखळतात.

स्पीकरपेक्षा वेगळं काय ऐकू येतं

स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा आणि वरचे सूर थोडे गमावून. हेडफोनवर हे होत नाही. बेंजामिन बॉअर यांनी 1961 मध्येच यावर सर्किट सुचवलं होतं, आजचे क्रॉसफीड प्लगइन (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानाला देणारे) त्याच कल्पनेवर चालतात. हेडफोनवर पूर्ण डावी-उजवी केलेली वाद्यं अवास्तव लांब वाटतात, म्हणून माणूस ती आत ओढतो आणि मिक्स स्पीकरवर अरुंद होतो. शांत खोलीत रिव्हर्ब आणि गायक दोन्ही सुटे ऐकू येतात, म्हणून ते कमी पडतात. क्रॉसफीड फक्त पॅनिंग आणि रिव्हर्ब ठरवताना लावावं. सूर ठरवताना बंद ठेवावं, कारण ते स्वतःच सूर थोडा बदलतं. फेजची चूक हेडफोनवर लपते: एका बाजूची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटली तरी दोन्ही कानांत आवाज पोचतोच, रद्द होत नाही. मोनोचं बटण दाबून पाहिल्याशिवाय मिक्स सोडू नये.

सुधारक इक्यू वापरायचा तर रुंद फिल्टर, आणि 8 किलोहर्ट्झच्या वर शक्यतो हात लावू नये. जितकी सर्वांत मोठी वाढ, तितकं आधी प्रीअँपमध्ये कमी करावं, नाहीतर क्लिपिंग होतं. डायनॅमिक ओपन-बॅकला 30 हर्ट्झवर 8-10 डेसिबल वाढवून प्लेनरसारखा खर्ज मिळत नाही, डिस्टॉर्शन मिळतं. आणि एक्स्पोर्ट करण्यापूर्वी तो इक्यू मास्टर बसवरून काढावा. तो गाण्यात छापून गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मास्टरिंगमध्ये हेडफोन क्लिक, चुकलेले एडिट, फेडची शेपटी आणि लिमिटरची किरकिर पकडायला स्पीकरपेक्षा सरस आहे. 40 हर्ट्झच्या खालचे निर्णय मात्र खर्ज सरळ देणाऱ्या प्लेनरवर किंवा स्पेक्ट्रम मीटर समोर ठेवूनच घ्यावेत.

वजन आणि पॅड

एचडी 600 चं वजन 260 ग्रॅम, एलसीडी-एक्सचं 600 हून जास्त. चार तासांच्या सत्रात मान हे आधी सांगते, म्हणून मुदतीत एकदा तरी पूर्ण सत्र करून पाहावं. पातळी 80 डेसिबल ठेवली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला 40 तास मिळतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो.

पॅड हा आवाजाचाच भाग आहे. सेनहायझर एचडी 490 प्रो आणि डीटी 1990 प्रो यांच्यासोबत दोन-दोन जोड येतात आणि जोड बदलला की सूर बदलतो. ज्या जोडावर तपासणी केली त्याच जोडावर काम करावं. पॅड दबला की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि बास-ट्रेबलचा तोल हलतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घामाने हे लवकर होतं. व्हेलवेटचे पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येतात, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. जुना हेडफोन घेताना पॅडच्या नव्या मूळ जोडाची किंमत आधीच धरावी, आणि नवे पॅड बसवले की चार निर्णयांची परीक्षा पुन्हा एकदा घेऊन वहीतले जुने आकडे ताडून पाहावेत.